चालू व्हीएमची डिस्क इमेज बाहेरून माउंट करू नका

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) बूट होत नाही, बूट होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक चुकीची ओळ पडली आहे, किंवा रूटचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. अशा वेळी उपाय शोधायला बसलेल्याला एक आटोपशीर सल्ला हमखास सापडतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा असा: "डिस्क इमेज म्हणजे शेवटी एक फाइलच. लूप डिव्हाइसवर (फाइलला डिस्कसारखं दाखवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) लावा, माउंट करा, हवी ती फाइल एडिटरमध्ये बदला, अनमाउंट करा. व्हीएम बंद करायचीही गरज नाही. नुसतं वाचायचं असेल तर रीड-ओन्ली माउंट करा, त्यात काहीच धोका नाही. लिबगेस्टएफएससारखी, इमेजमधल्या फाइली हाताळणारी साधनं उगाच जड आहेत."

हा सल्ला बरेचदा चालून जातो, म्हणूनच तो इतका पसरला आहे. ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी फाइलसिस्टिम बिघडलेली असते, आणि बिघाड बहुधा पुढच्या रीबूटला किंवा त्याहूनही उशिरा उघड होतो. तोवर मधल्या त्या दोन मिनिटांच्या माउंटचा संबंध कोणी जोडत नाही. म्हणून यातलं एकेक विधान तपासू या. सुरुवात सगळ्यात नुकसानकारक विधानापासून.

"व्हीएम बंद करायचीही गरज नाही."

ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एनटीएफएस या सगळ्या फाइलसिस्टिम एक गोष्ट गृहीत धरतात: डिस्कवर लिहिणारा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकच आहे. गेस्टचा, म्हणजे व्हीएमच्या आतला, कर्नल इनोड (प्रत्येक फाइलची माहिती), डिरेक्टरीतल्या नोंदी आणि कोणते ब्लॉक रिकामे आहेत याचा हिशेब स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. तुम्ही होस्टवर (व्हीएम जिच्यावर चालते त्या मशीनवर) तीच इमेज माउंट केली की दुसरा कर्नल डिस्कवरचा जुना हिशेब वाचतो. गेस्टने एखाद्या फाइलसाठी आधीच राखून ठेवलेला, पण अजून डिस्कवर न नोंदवलेला ब्लॉक होस्टला रिकामा दिसतो. होस्ट तिथे तुमची बदललेली फाइल लिहितो. थोड्या वेळाने गेस्ट त्याच ब्लॉकवर स्वतःचा डेटा लिहितो आणि वर आपला जुना हिशेबही डिस्कवर उतरवतो. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा असणं म्हणजे काय, हे ज्यांनी फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एफएससीकेच्या पानंच्या पानं तक्रारी वाचल्या आहेत त्यांना सांगायला नको.

यावर दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली, आधी गेस्टमध्ये सिंक चालवा. सिंकने गेस्टच्या मेमरीतलं डिस्कवर उतरतं, पण मेमरीतली प्रत तशीच राहते. डिस्कवर तुम्ही केलेला बदल गेस्टला कळत नाही आणि तो जुन्याच प्रतीवर पुढे काम करतो. दुसरी, फाइलसिस्टिम फ्रीझ करा. व्हर्श या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या डोमएफएसफ्रीझने गेस्टचं लिहिणं तेवढ्यापुरतं थांबतं. बॅकअपसाठी स्नॅपशॉट घ्यायला ते उत्तम आहे. पण थॉ झाल्यावर, म्हणजे फ्रीझ उठल्यावर, गेस्ट आपल्या मेमरीतल्या हिशेबानेच पुढे जातो, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे. एकाच डिस्कवर अनेक मशीननी लिहावं यासाठी जीएफएस२ आणि ओसीएफएस२ या वेगळ्या फाइलसिस्टिम आहेत. त्यांच्यामागे कुलपं सांभाळणारी वेगळी यंत्रणा असते. ईएक्सटी४ला ती नाही.

"धोका असता तर क्यूईएमयूने (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) अडवलं असतं" असंही ऐकू येतं. २०१७ मध्ये आलेल्या क्यूईएमयू २.१० पासून इमेजवर लॉक लागतं हे खरं. पण ते लॉक फक्त विचारणाऱ्यालाच दिसतं. क्यूईएमयूची दुसरी प्रोसेस, क्यूईएमयू-आयएमजी, क्यूईएमयू-एनबीडी हे सगळे विचारतात आणि राइट लॉक मिळालं नाही असं सांगून थांबतात. लूप डिव्हाइस विचारतच नाही, लावलं की लागतं. लिबगेस्टएफएसमधलं व्हर्ट-एडिट आतून क्यूईएमयूच वापरतं, म्हणून चालू व्हीएमवर ते लॉकपाशीच अडतं. पुष्कळ जण ही एरर साधनाची उणीव समजून लूपकडे वळतात. त्या एररने तुमची डिस्क वाचवलेली असते.

बंद म्हणजे खरोखर बंद, हेही इथेच सांगायला हवं. व्हर्शच्या मॅनेज्डसेव्हने निजवलेली व्हीएम यादीत बंद दिसते, पण तिची मेमरी, आणि मेमरीतला तो हिशेब, फाइलमध्ये जपलेला असतो. अशी व्हीएम जागी झाली की चालू व्हीएमचेच सगळे धोके परत येतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप हाही अर्धवट हायबरनेशनचाच प्रकार आहे. त्यामुळेच अशा एनटीएफएस विभागावर (पार्टिशनवर) लिनक्सचं एनटीएफएस-३जी लिहू देत नाही. तिथे जबरदस्ती करू नका, विंडोज पूर्ण बंद करून या.

व्हीएम बंद ठेवणं शक्यच नसेल तर बदल आतून करा. एसएसएच असेल तर प्रश्नच नाही. नेटवर्क गेलं असेल आणि गेस्ट एजंट (गेस्टच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) चालू असेल, तर व्हर्शच्या क्यूईएमयू-एजंट-कमांडमधून गेस्ट-फाइल-ओपन आणि गेस्ट-फाइल-राइट वापरता येतात. मजकूर बेस६४ करून द्यावा लागतो. काही वितरणांत या आज्ञा सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेल्या असतात, त्यामुळे गरज पडण्याआधीच तपासून ठेवा. इथे लिहिणारा गेस्टचाच कर्नल असतो, म्हणून हा मार्ग बिनधोक आहे.

"रीड-ओन्ली माउंट केलं तर काहीच धोका नाही."

हे विधान जाणकारांच्याही तोंडी असतं आणि ते चूक आहे. ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नलमध्ये (बदलांच्या आगाऊ नोंदवहीत) अर्धवट राहिलेल्या नोंदी आधी डिस्कवर लागू होतात. म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. कर्नलच्या दस्तऐवजातच हे स्पष्ट नोंदवलेलं आहे आणि ते टाळायचं तर ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ द्या असंही तिथेच सांगितलं आहे. एक्सएफएसला त्याजागी ‘नोरिकव्हरी’ लागतं. चालू व्हीएमच्या जर्नलमध्ये बाकी नोंदी बहुतेक असतातच. त्यामुळे "फक्त बघायला" केलेलं माउंट त्या नोंदी गेस्टच्या पाठीमागे डिस्कवर लागू करून मोकळं होतं.

लूप डिव्हाइसच रीड-ओन्ली लावलं, म्हणजे ‘लोसेटअप -आर’ वापरलं, तर लिहिणं खालच्या थरावरच अडतं. जर्नल बाकी असेल तर ईएक्सटी४ मग नोलोडशिवाय माउंटच होत नाही. यात डिस्क वाचते, पण नोलोडने दिसणारं चित्र अर्धवट असू शकतं, कारण जर्नलमधल्या नोंदी त्यात धरलेल्या नसतात.

वाचण्यापुरतं काम असेल तर लिबगेस्टएफएसमधली व्हर्ट-कॅट, व्हर्ट-एलएस किंवा रीड-ओन्ली पर्यायासह गेस्टफिश वापरा. ही साधनं मूळ इमेजवर एक तात्पुरता थर टाकतात. जर्नल लागू झालंच तर ते त्या थरात लिहिलं जातं आणि काम संपलं की थर फेकला जातो. व्हीएम चालू असेल तर इथेही मधल्याच अवस्थेतला, विसंगत मजकूर दिसू शकतो, पण मूळ इमेजला धक्का लागत नाही.

"डिस्क इमेज म्हणजे शेवटी एक फाइलच."

रॉ इमेजपुरतं हे जवळजवळ खरं आहे. रॉ फाइलमधला प्रत्येक बाइट डिस्कवरच्या त्याच जागेचा बाइट असतो. तिथेही ऑफसेट, म्हणजे विभाग कितव्या बाइटपासून सुरू होतो ते, काढण्याची गणितं पाठ करायचं कारण नाही. हल्ली पहिला विभाग सहसा २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतो, म्हणजे ५१२ने गुणून १०,४८,५७६ बाइट. जुन्या इमेजमध्ये तो ६३व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ बाइटपासून असे. ‘लोसेटअप -पी’ (मोठा पी) दिलं की विभाग कर्नलच ओळखतो.

क्यूकाऊ२ या क्यूईएमयूच्या इमेज फॉरमॅटची गोष्ट वेगळी. तिच्यात डिस्क क्लस्टरमध्ये तोडलेली असते, वेगळं सांगितलं नसेल तर ६४ केबीचा एक. कोणता क्लस्टर फाइलमध्ये कुठे आहे हे दोन पातळ्यांच्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. लूप डिव्हाइसला हे तक्ते वाचता येत नाहीत. विभागांचा तक्ता जिथे असायला हवा तिथे त्याला क्यूकाऊ२चं हेडर दिसतं. मग सल्ला येतो की रॉमध्ये रूपांतर करा, बदला, परत क्यूकाऊ२ करा. या फेरीत इमेजच्या आतले स्नॅपशॉट जातात आणि बेस इमेजशी (जिच्यावर ही इमेज उभी आहे तिच्याशी) असलेला दुवाही तुटतो, कारण सगळं एकत्र सपाट होतं. क्यूईएमयू-एनबीडी हे तक्ते समजून घेऊन इमेज ब्लॉक डिव्हाइस म्हणून पुढे ठेवतं. रूट हक्क असतील आणि इमेज आपलीच असेल तर ते चांगलं साधन आहे. काम झाल्यावर अनमाउंट आणि मग डिसकनेक्ट, हा क्रम मात्र पाळायचा. गेस्टमध्ये एलव्हीएम (विभाग एकत्र करून वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर होस्टवर त्याच नावाचा व्हॉल्यूम ग्रुप आधीच असण्याची शक्यता ध्यानात ठेवा. होस्ट आणि गेस्ट एकाच टेम्प्लेटमधून निघाले असतील तर एक्सएफएसही तोच यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) दुसऱ्यांदा माउंट करायला नकार देते.

याहून मोठा खड्डा बेस इमेजचा. एका बेसवर दहा व्हीएमचे ओव्हरले (वरचे थर) असतील, तर प्रत्येक ओव्हरलेमध्ये फक्त बदललेले क्लस्टर असतात, बाकी सगळं बेसमधून वाचलं जातं. बेसमधली एक फाइल "सगळ्यांसाठी एकदाच" बदलली की नवे बेस-क्लस्टर आणि जुने ओव्हरले-क्लस्टर यांची सरमिसळ होते. बेसमधला रिकाम्या जागेचा हिशेब एक सांगतो, ओव्हरलेमधला दुसरा. दहाही व्हीएम बिघडू शकतात, आणि त्या वेळी सगळ्या बंद असल्या तरी. क्यूईएमयू-आयएमजी इन्फोला बॅकिंग-चेन विचारलं तर ओव्हरलेचा बेस कळतो. उलट दिशेने काहीच कळत नाही, आपल्यावर कोण उभं आहे हे बेसला माहीत नसतं. ती नोंद माणसांनीच ठेवायची.

रॉ फाइलवर थेट सेड (मजकूर बदलणारी आज्ञा) चालवून समान लांबीचा शब्द बदलण्याची युक्तीही फिरते. बीटीआरएफएस डेटाचीही चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे तिथे ती फाइल वाचतानाच एरर येईल. इतर ठिकाणी तोच शब्द भलत्याच फाइलमध्येही बदलला जाईल. करू नका.

"हवी ती फाइल एडिटरमध्ये बदला."

इमेज माउंट केलेल्या डिरेक्टरीत एखादी फाइल म्हणजे पूर्ण पत्ता असलेला सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) असेल, तर तो पत्ता तुमच्या होस्टच्या मुळापासून धरला जातो. म्हणजे गेस्टची रिझॉल्व्ह-कॉन्फ (डीएनएसची फाइल) उघडली असं समजून तुम्ही, तेही रूट म्हणून, होस्टचीच फाइल बदलून बसाल. एडिटर यावर काही बोलणार नाही. व्हर्ट-एडिट आणि गेस्टफिशमध्ये पत्ता गेस्टच्या मुळापासूनच धरला जातो.

दुसरी अडचण एसईलिनक्सची, म्हणजे फाइलींवरच्या लेबलांनुसार परवानगी देणाऱ्या सुरक्षा यंत्रणेची. होस्टवर एसईलिनक्स नसेल आणि एडिटरने नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवली, तर तिला लेबल नसतं. गेस्टमध्ये एसईलिनक्स एन्फोर्सिंग असेल आणि ती फाइल शॅडो (पासवर्ड ठेवणारी) असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. पासवर्ड बदलण्यासाठीच हा सगळा खटाटोप केलेला असतो, म्हणून हे फार लागतं. व्हर्ट-कस्टमाइझमध्ये रूट-पासवर्डचा पर्याय आहे आणि लेबलं पुन्हा लावण्याचाही. ते एकत्र वापरा.

इमेज दुसऱ्याकडून आलेली असेल तर होस्टवर माउंट करण्याचा विचारही नको. माउंट केलं की अनोळखी माणसाने रचलेली फाइलसिस्टिम तुमच्या होस्टचा कर्नल वाचतो, आणि ती वाचणाऱ्या कोडमधली कोणतीही त्रुटी थेट होस्टवर वापरली जाऊ शकते. फॉरमॅट आपोआप ओळखू देणंही धोक्याचं. रॉ डिस्क असलेला गेस्ट स्वतःच्या डिस्कच्या सुरुवातीला क्यूकाऊ२चं हेडर लिहू शकतो आणि त्यात होस्टवरच्या एखाद्या गुप्त फाइलला बेस म्हणून नोंदवू शकतो. पुढच्या वेळी ती इमेज क्यूकाऊ२ म्हणून उघडली की होस्टची फाइल गेस्टच्या हाती. या प्रकारची त्रुटी २०१० मध्ये लिबगेस्टएफएसमध्येच नोंदली गेली होती. म्हणून फॉरमॅट नेहमी स्वतः सांगा, रॉ तर रॉ.

"लिबगेस्टएफएस जड आहे."

आहे. प्रत्येक वेळी ते क्यूईएमयूमध्ये एक छोटं लिनक्स बूट करतं. केव्हीएमचा (हार्डवेअरच्या मदतीने व्हीएम चालवणाऱ्या सोयीचा) आधार असेल तर काही सेकंद लागतात, नसेल तर बरेच जास्त. उबुंटूवर आणखी एक अडथळा: तिथली कर्नलची फाइल साध्या वापरकर्त्याला वाचता येत नाही, त्यामुळे रूट नसताना हे छोटं लिनक्स तयारच होत नाही. त्या फाइलची परवानगी बदलावी लागते. नेमकं कुठे अडलं हे लिबगेस्टएफएस-टेस्ट-टूल सांगतं.

पण हे जडपण ज्यासाठी आहे ते पाहा. अनोळखी फाइलसिस्टिम त्या छोट्या लिनक्सचा कर्नल वाचतो, तुमचा नाही. रूट लागत नाही. क्यूकाऊ२, एलव्हीएम, एलयूकेएस (डिस्क एन्क्रिप्शन) सगळं तेच हाताळतं. दहा बदल करायचे असतील तर दहा वेळा व्हर्ट-एडिट चालवू नका, गेस्टफिशच्या एकाच सत्रात किंवा व्हर्ट-कस्टमाइझच्या एकाच आज्ञेत करा, बूटचा वेळ एकदाच जाईल. स्क्रिप्टसाठी व्हर्ट-एडिटचा ‘-ई’ पर्याय पर्लची अभिव्यक्ती घेतो आणि ‘-बी’ जुन्या फाइलची प्रत ठेवतो. गेस्टमाउंट (लिबगेस्टएफएसमार्फत माउंट करणारं साधन) वापरत असाल तर गेस्टअनमाउंट परतलं म्हणजे लिहिणं संपलंच असं नाही. पिड-फाइलचा (प्रोसेसचा क्रमांक नोंदवणारा) पर्याय देऊन गेस्टमाउंटची प्रोसेस संपेपर्यंत थांबा, मगच इमेज हलवा किंवा व्हीएम सुरू करा.

मूळ सल्ला कुठे चालतो हेही सांगायला हवं: इमेज आपली, रॉ, साधे विभाग, व्हीएम पूर्ण बंद, वर कोणताही ओव्हरले नाही. एवढं जुळत असेल तर लूप डिव्हाइसला माझा विरोध नाही.

माझी स्वतःची पद्धत थोडी लांबची आहे. व्हीएम बंद करायची, मूळ इमेजवर क्यूईएमयू-आयएमजी क्रिएटने नवा ओव्हरले करायचा आणि बेसचा फॉरमॅट ‘-एफ’ने (मोठा एफ) सांगायचा (क्यूईएमयू ६.१ पासून तो सांगावाच लागतो). बदल ओव्हरलेमध्ये करायचा, त्यावरूनच व्हीएम बूट करून पाहायची. बिघडलं तर ओव्हरले पुसायचा, मूळ इमेज जशीच्या तशी असते. जमलं तर व्हीएम पुन्हा बंद करून क्यूईएमयू-आयएमजी कमिट. कमिट म्हणजे बेसवर लिहिणंच, त्यामुळे त्याच बेसवर दुसरा कुठलाही ओव्हरले नाही याची खात्री झाल्याशिवाय ती आज्ञा द्यायची नाही.