आमच्या चर्चमध्ये चपला काढत नाहीत

गेल्या आठवड्यात गर्भपात, उत्क्रांती आणि रोजची प्रार्थना यांवर मी लेख टाकला. उत्क्रांती मला मान्य आहे, माणूस देवाच्या प्रतिमेत घडला हेही मान्य आहे, आणि गर्भपात मी पाप मानते, असं त्यात होतं. त्यावर ‘विवेकी वैदर्भीय’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते, ते आवरेना, म्हणून इथे वेगळं देते आहे. प्रतिक्रिया अशी:

“काकू, तुमची भाषा छान आहे म्हणून शेवटपर्यंत वाचलं. पण उत्क्रांती मान्य म्हणता, तर ती ‘देवाची प्रतिमा’ नेमकी कोणत्या पिढीत माणसात उतरली? आई माकड आणि लेक माणूस असं झालं का? गर्भधारणेपासून जीव पवित्र म्हणता, तर फलित झालेली कितीतरी बीजं गर्भाशयात रुजतच नाहीत, त्यांचा हिशेब देव कोणाकडे मागतो? गर्भपाताच्या कायद्याची मुदतही चुकली आहे, ती 20 नाही, 24 आठवडे आहे. जिच्यावर वेळ येते त्या बाईला कधी विचारलंत? पण तुमच्यासारख्यांना सांगून उपयोग नाही. तुम्ही रविवारी चपलांबरोबर बुद्धीही चर्चच्या दाराशी काढून ठेवता आणि निघताना फक्त चपला घालता.”

शेवटचं वाक्य घडवलंय झकास, हे आधीच कबूल करते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर मलाच पाठवलं, वर हसरा चेहरा टाकून. पण ‘काकू’ म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही रीत मी ज्या मोहल्ल्यात वाढले तिथे नव्हती. बाकीच्या मुद्द्यांना मी शांतपणे उत्तर दिलं असतं. या एका वाक्याने ती शांतता घालवली, तेव्हा आधी चपला.

आमच्या चर्चमध्ये चपला काढत नाहीत. खेड्यापाड्यातल्या काही मंडळ्यांत (मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं) काढतात, ते वेगळं. मी लहानपणापासून ज्या चर्चला जाते तिथे माणसं चपला-बुटांसकट बाकावर बसतात, आणि उपदेश लांबला की पोट्टे बाकाखालून एकमेकांच्या चपला पायाने पुढे सरकवतात. माझी एक चप्पल एकदा तीन बाकं पुढे गेली होती आणि शेवटच्या गीताला मी एका पायावर उभी होते. दाराशी काढलेल्या चपलांचं चित्र तुम्ही दुसऱ्या कुठल्या दारावरून उचललंत आणि आमच्यावर डकवलंत. बाब किरकोळ आहे, मान्य. पण ख्रिस्ती माणूस उपासनेला कसा बसतो हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याच्या डोक्यात काय चालतं हे छातीठोकपणे सांगतो, तेव्हा विवेक कोणाचा आणि पूर्वग्रह कोणाचा, एवढं तरी विचारू का?

आता बुद्धी. मी 27 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की बारावीच्या वर्गात मी दोन संत्री घेऊन जायची. एक सोलून पुढच्या बाकावर द्यायची आणि विचारायची, बकरीला संत्रं लागतं का रे? पोट्टे म्हणायचे, नाही मॅडम, बकरी पाला खाते. मग सांगायची, बकरी पाला खाते म्हणून नव्हे, तिचं यकृत क जीवनसत्त्व स्वतः बनवतं. कुत्र्याचंही बनवतं. ते बनवणारं जनुक आपल्याही पेशीत आहे, पण मोडकं. चिंपांझीतही ते मोडकंच आहे. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेने. बोर्डाचे पेपर तपासताना दोन पुरवण्यांत एकाच ओळीत एकच खाडाखोड दिसली तर आम्ही काय समजतो? दोघांनी एकाच कागदावरून उतरवलंय. वर्ग हसायचा, आणि समान पूर्वज म्हणजे काय ते मला फळ्यावर वेगळं लिहावं लागायचं नाही. दुसरं संत्रं मी स्टाफरूममध्ये खायची.

याची किंमतही मोजली आहे. माझ्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने हे ऐकलं आणि दोन वर्षं मला संडे स्कूलचा वर्ग दिला नाही. ‘ताई, तुम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय सोडून कुठलाही शिकवा,’ असा निरोप आला होता. देवाने जग आणि माणूस घडवला असं सांगणारा बायबलातला तो अध्याय. तेव्हा मी चर्च सोडलं नाही आणि संत्रंही सोडलं नाही. तिकडचे म्हणायचे, ही विज्ञानवाली. आता इकडून तुम्ही म्हणता, ही चपलावाली. एका घरातून हाकललं तर माणूस दुसऱ्यात जातो. मला दोन्ही घरांत खाट आहे, फक्त दोन्हीकडचे लोक ती व्हरांड्यात टाकतात.

आणि नागपुरात बसून हे ऐकावं लागतं याचं जास्त वाईट वाटतं. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून इथे धर्मोपदेशक म्हणून आला. ज्याच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे, तोच. हा माणूस सुवार्ता सांगत गावोगाव हिंडायचा आणि येताना पिशवीत दगड आणायचा. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतून त्याने पुराण्या बिया, फळं, किड्यांचे अवशेष गोळा केले, आणि सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर नागपूरच्या भूशास्त्रावर निबंध लिहून लंडनच्या भूवैज्ञानिकांना धाडला. तो छापून आला ते साल 1855. म्हणजे डार्विनच्या 1859 च्या पुस्तकाआधी. सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो लाव्हा आज साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला मानतात, आणि त्या लाव्ह्याच्या थरांमधलं जीवन उकरून काढणाऱ्या पहिल्या माणसांत हा पाद्री होता. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले प्राचीन दगड, पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. म्हणजे मेला तोही जमिनीतलं काहीतरी पाहून येताना. याने बुद्धी कोणत्या दाराशी ठेवली होती, भाऊ?

सेमिनरी हिल्सला फिरायला जात असाल तर टेकडीला नाव कशावरून पडलं ते पाहा. पाद्री घडवणारी सेमिनरी तिथे आहे, आणि त्याच टेकडीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालयही. एकाच चढावर दोन्ही फाटकं. मी 40 वर्षं तिथे सकाळी चालते, अजून दोघांत दगडफेक झालेली पाहिली नाही. हवं असेल तर आणखी नावं देते: आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवर शोधणारा मेंडेल मठातला साधू होता, विश्व एका बिंदूतून फुगत आलं हे मांडणाऱ्यांपैकी लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, आणि मानवी जनुकसंचाचा प्रकल्प 2003 मध्ये तडीला नेणारा फ्रान्सिस कॉलिन्स रोज प्रार्थना करणारा प्रोटेस्टंट. मोठी नावं घेतली की मुद्दा सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण चपलांचा मुद्दा तरी त्याने खोटा पडतो.

राहिले तुमचे प्रश्न. प्रतिमा कोणत्या पिढीत उतरली? मुलगा कोणत्या मंगळवारी मोठा झाला ते तुम्ही सांगा, मग मी हे सांगते. हळूहळू होणाऱ्या गोष्टीची तारीख मागणं हा वकिली डाव आहे. उत्पत्तीचा अध्याय जन्मदाखला म्हणून लिहिलेला नाही. निसर्गाबद्दल अडाणी बडबड करून ख्रिस्ती लोकांनी शास्त्राचं हसं करून घेऊ नये, ही तंबी ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टिनने पाचव्या शतकात देऊन ठेवली आहे. न रुजलेली बीजं? मी हे वर्गात शिकवलं आहे, मला आकडे सांगू नका. निसर्गात मरण आहे म्हणून माणसाला मारायची मुभा मिळत नाही. किल्लारीच्या भूकंपात 1993 ला हजारो लोक झोपेत गेले, त्यावरून कोणी खून माफ केला नाही. एवढ्यात हा मुद्दा संपतो असं मला वाटतं.

कायद्याचं मात्र तुमचं बरोबर, आणि माझी चूक मी लपवत नाही. मी 1971 च्या मूळ कायद्यातली 20 आठवड्यांची मुदत लिहिली, 2021 ची दुरुस्ती राहून गेली. पण तुम्हीही अर्धंच लिहिलंत. 24 आठवडे सरसकट सगळ्यांना नाहीत. 20 पर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, अशा. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. दुसऱ्याची दुरुस्ती करताना आपली नीट करावी, असं आम्ही पोट्ट्यांना सांगायचो.

आणि मी कायदा बदला असं कुठे म्हटलं होतं? लेख पुन्हा वाचा. मी ‘पाप’ म्हटलं, ‘गुन्हा’ म्हटलं नाही. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळत नाही तो मला विवेक शिकवतो. एक मात्र तुम्हालाच विचारते. मुलीचा गर्भ म्हणून पाडला की तुम्हीही चिडता ना? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 2001 ला 913 होत्या, 2011 ला 894 झाल्या, तेव्हा मोर्च्यात तुमचेही लोक होते, मीही होते. गर्भ म्हणजे नुसता पेशींचा गोळा असेल, तर त्या न जन्मलेल्या मुलींसाठी आपण दोघं कशाला उन्हात उभे होतो?

‘जिच्यावर वेळ येते त्या बाईला कधी विचारलंत?’ याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. लेकीला विचारून देते आहे. तिने अर्ध्याला होकार दिला, अर्ध्याला नाही म्हणाली, तेव्हा अर्धंच लिहिते.

1993 च्या जुलैत मला तिसरा महिना होता. वर्गातल्या मुलांकडून ताप आला, अंगावर बारीक पुरळ उठलं. रुबेला. मी जीवशास्त्र शिकवणारी, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय यांचं काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आम्ही खुर्चीत बसण्याआधीच फॉर्म भरून ठेवला होता. माझं वय चुकीचं लिहिलं होतं, 29 च्या जागी 26. सही करायची जागा पेन्सिलने फुलीने दाखवली होती. ते वाईट नव्हते, घाईत होते, बाहेर रांग होती. पण त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी म्हटलं, वय दुरुस्त करा. ते म्हणाले, त्याने काय फरक पडतो. आम्ही उठून आलो.

त्या सप्टेंबरात टीव्हीवर किल्लारी पाहत होते तेव्हा ती पोटात लाथा मारायला लागली होती. जानेवारीत झाली. डाव्या कानाने तिला काही ऐकू येत नाही, उजव्या कानात यंत्र आहे. हृदयाचं एक ऑपरेशन झालं. आज तिशी ओलांडली आहे, हिशेबाचं काम करते, आणि माझ्यापेक्षा जास्त वाद घालते. यापुढचं तिने लिहू दिलं नाही.

तेव्हा, बाळा, मला विचारलंस. मीच ती बाई. ‘कधी विचारलंत’ हे मला विचारण्याआधी समोर कोण बसलंय याचा अंदाज घ्यायचा होतास. (एकेरीवर आले. राहू दे.)

तुम्ही म्हणाल, तुम्हाला पगार होता, नवरा बरोबर उठून आला, सासूबाईंनी हू की चू केलं नाही. होय, होतं हे सगळं. ज्या पोरीकडे यातलं काहीच नाही, तिला माझी गोष्ट ऐकवून उपयोग नाही, हेही मला कळतं. म्हणून तर लेखात मी आमच्याच मंडळीला चार शब्द सुनावले होते, ते तुम्ही सोयीने गाळलेत. त्याच 1863 साली, ज्या साली हिस्लॉप बुडाला, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेला त्यांनी आधी खाट दिली. बाळ नेता आलं तर ने, नाही तर आम्ही सांभाळतो, असा तो कारभार. आमच्या किती चर्चना आज अशी एक खोली आहे? गर्भपाताविरुद्ध उपदेश दर वर्षी होतो, खाट नाही. हे मी लिहिलं होतं, आणि त्यावरून मला पाळकांचा फोनही येऊन गेला. तुमचा मात्र त्यावर एक शब्द नाही.

प्रार्थनेवरच्या भागाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही. रात्री साडेआठला आमच्या घरी गीत होतं, लेक यंत्र काढून ठेवते आणि बेसूर गाते, एवढं पुरे.

मूळ लेखात मुदतीचं वाक्य आज बदललं आहे आणि खाली ‘विवेकी वैदर्भीय यांनी लक्षात आणून दिल्यानुसार’ अशी नोंद केली आहे. बाकी लेख होता तसा राहील. तुमची प्रतिक्रियाही काढत नाही, चपलांसकट राहू द्या. न रुजलेल्या बीजांबद्दल कोणाला सविस्तर बोलायचं असेल तर वेगळं लिहा, मात्र आपलं खरं नाव टाकून.