शेवंडी जास्त सापडल्या, म्हणजे समुद्र सुधारला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जास्तीच्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे समुद्राचा तळ बिघडतो, असे मी माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर, खत घातले की शेत फोफावते, तसे नायट्रोजन आणि फॉस्फरस समुद्रात गेल्याने तळावरचे जीवही वाढतात, आणि डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधल्या ज्या कॅटेगॅट समुद्राचे उदाहरण मी दिले तिथे तर शेवंडी उलट जास्त मिळू लागल्या होत्या, असा आपला आक्षेप आहे.

यातला पहिला भाग काही मर्यादेपर्यंत खरा आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. बाल्टिक समुद्रात गोटलंड आणि ओलंड बेटांभोवतीच्या कमी खोल तळावर १९२० च्या दशकापेक्षा १९७० च्या दशकात प्राण्यांचे एकूण वजन कितीतरी अधिक भरले होते.

शेवंडींची गोष्ट मात्र वेगळी आहे. कॅटेगॅटमध्ये बाल्टिककडून येणारे कमी खारट पाणी वर तरंगते आणि जड, खारट पाणी खाली कोंडून राहते. वर माजलेले सूक्ष्म शैवाल मरून तळाशी बसले, की ते कुजवणारे जीवाणू या कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपवत जातात. नॉर्वेजियन शेवंड एरवी चिखलातल्या बिळात दडून राहते. प्राणवायू घटला की ती दिवसाउजेडीही बाहेर येते, पाय ताणून शरीर चिखलापासून उंच धरते, आणि नेमकी तेव्हाच जाळ्यात सापडते. आपण ज्याला वाढ म्हणता, ती गुदमरणाऱ्या प्राण्यांची मासेमारी होती. १९८६ च्या शरद ऋतूत तिथल्या मेलेल्या शेवंडी डॅनिश दूरचित्रवाणीवर दिसल्या, आणि १९८७ मध्ये डेन्मार्कच्या संसदेने नायट्रोजन निम्म्याने आणि फॉस्फरस ८० टक्क्यांनी कमी करण्याची योजना मंजूर केली.

कॅपिटेलासारखे बारीक कृमी अशा गाळात हजारोंनी वाढतात, हेही आपण नोंदवले आहे. पण ते वरच्या पातळ थरातच राहतात. खोल बिळे करणारे प्राणी गेले, की त्यांच्यामार्फत गाळात उतरणारे प्राणवायूयुक्त पाणी थांबते, वरचा प्राणवायू असलेला तपकिरी थर आक्रसतो, आणि खालचा काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा चिखल पृष्ठभागापर्यंत चढतो. मग लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो आणि शैवालाला नवे खत मिळते. शेताची उपमा मला अपुरी वाटते ती इथेच: शेतातल्या मातीला वरून हवा मिळत राहते, या तळाला ती मिळत नाही.

केवळ डोकी मोजून तळाची स्थिती ठरवू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच. प्राणवायू परतल्यावर कृमी काही महिन्यांत दिसू लागतात. मोठे शिंपले आणि सी अर्चिन पूर्ण वाढायला कित्येक वर्षे लागतात.