चेल्सीच्या नाजूक पुतळ्यांपेक्षा स्टॅफर्डशायरची ओबडधोबड माती बरी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाला जुन्या चिनी मातीच्या वस्तू जमवण्याची हौस लागली, की पहिली चौकशी बहुधा रॉयल डॉल्टनच्या घेरदार झग्यातल्या तरुणींची होते, आणि खिसा जरा जड असेल तर चेल्सी किंवा डर्बी या जुन्या कारखान्यांच्या पुतळ्यांची. माझ्याकडेही अशी विचारणा अधूनमधून होते, म्हणून माझे मत एकदा सविस्तर लिहून ठेवते. ज्याला खरोखर इंग्लंडची म्हणावी अशी पुतळी घरात आणायची आहे, त्याने पोर्सेलिनच्या, म्हणजे उंची, नाजूक चिनी मातीच्या, मागे न लागता इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्याच्या साध्या मातीच्या, पाठीकडून सपाट असलेल्या पुतळ्यांकडे वळावे. संग्राहक त्यांना 'फ्लॅटबॅक' म्हणतात. उंची पोर्सेलिन बाळगणारे लोक त्यांच्याकडे पाहून आजही नाक मुरडतात आणि ते नाक मुरडणे मला मान्य नाही.

चेल्सीचा कारखाना १७४५ च्या सुमारास लंडनमध्ये सुरू झाला आणि तो नावारूपाला आणला निकोलस स्प्रिमाँ या लिएजहून आलेल्या चांदीच्या कारागिराने. त्याच्यासमोर कित्ता होता तो जर्मनीतील माइसेनचा, जेथे १७१० मध्ये युरोपातील पहिला अस्सल पोर्सेलिनचा कारखाना निघाला होता. तळाशी जहाजाच्या नांगराची बारीक लाल खूण असलेल्या, साधारण १७५२ ते १७५६ या काळातील चेल्सीच्या पुतळ्या देखण्या आहेत याबद्दल वाद नाही. तथापि त्यांतील कित्येक मेंढपाळणी आणि इटालियन नाटकांतील विदूषक माइसेनवरून थेट उचललेले आहेत, आणि ते ज्यांच्या मेजवानीच्या टेबलांवर विराजमान होत, त्या उमरावांनाही जर्मन दरबाराचीच नक्कल हवी होती. या क्षेत्रात इंग्लंडने स्वतःची अशी जी भर घातली, ती हाडांच्या राखेची. लंडनजवळच्या बो येथील कारखान्याने अठराव्या शतकाच्या मध्यास मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळायला सुरुवात केली आणि त्या शतकाच्या अखेरीस स्पोड या कुंभार घराण्याने त्याचे प्रमाण पक्के बसवून आजचे बोन चायना घडवले, ज्यात जवळजवळ निम्मा भाग हाडांची राख असतो. (सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात बोन चायनाच्या कपातून चहा देताना हा तपशील न सांगितलेलाच बरा.)

डॉल्टनबद्दल थोडक्यात सांगते. १९१३ मध्ये राणी मेरीच्या कारखानाभेटीच्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या पुतळ्यांना 'एचएन' हा क्रमांक लागतो आणि ती अक्षरे रंगकामाचा प्रमुख हॅरी निक्सन याच्या नावाची आहेत. पुष्कळ पुतळ्यांवर तळाच्या शिक्क्याशेजारी एक लहानसा आकडा असतो, त्यात १९२७ मिळवले की ती कधी तयार झाली ते वर्ष मिळते. लेस्ली हॅराडाइनने घडवलेली फुगे विकणारी म्हातारी मला मनापासून आवडते, कारण तिच्या चेहऱ्यावर उन्हातान्हाची खूण आहे. बाकीच्या तरुणी मात्र झग्याचा रंग आणि मानेचा कल सोडला तर एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. 'मर्यादित आवृत्ती'च्या मोहाने ज्यांनी त्या कपाटे भरून जमवल्या, त्यांच्या मुलांना आज लिलावात मिळणारी किंमत ऐकून तोंडात मारल्यासारखे होते. बर्स्लेममधील नाइल स्ट्रीटचा मूळ कारखानाही २००५ मध्ये बंद पडला.

फ्लॅटबॅकचे जग अगदी निराळे आहे. साधारण १८४० पासून शतकाच्या अखेरपर्यंत स्टॅफर्डशायरमधील स्टोक, बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन या गावांतील लहानमोठ्या भट्ट्यांतून या पुतळ्या प्रचंड प्रमाणात बाहेर पडल्या. बहुतेकींवर कारखान्याचे नाव नाही. मातीची पोळी लाटायची, साच्याच्या दोन अर्ध्या भागांत ती अंगठ्याने दाबून बसवायची, मग दोन्ही अर्धे ओल्या मातीने जोडायचे. शाडूचा गणपती साच्यातून निघताना ज्याने पाहिला आहे, त्याला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुतळी शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून उभी राहायची, म्हणून पाठीकडे नक्षी नाही, रंग नाही, तेवढी मजुरी वाचली. आणि मजुरी कोणाची, हेही विसरता येत नाही. सॅम्युअल स्क्रिव्हन याने बालकामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी १८४१ मध्ये या भागातील मुलांच्या जबान्या नोंदवल्या. भरलेले साचे उचलून तापलेल्या वाळवणखोलीत नेणे आणि रिकामे साचे परत आणणे, या कामासाठी कोवळी मुले दिवसभर पळवली जात होती. अशा हातांतून उतरलेल्या पुतळीचे डोळे एका पातळीत नसतील, तर त्यावरून कलेच्या दर्जाची चर्चा करायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्याकडे स्पॅनियल कुत्र्यांची एक जोडी आहे, त्या जोडीतील डाव्या कुत्र्याकडे जरा जवळून पाहू. कानांवरचा तांबूस रंग चार-पाच फटकाऱ्यांत लावलेला आहे आणि शेवटच्या फटकाऱ्यात कुंचला कोरडा पडल्यामुळे केसांच्या रेषा आपोआप उमटल्या आहेत. गळ्यातील साखळीवरचा सोन्याचा मुलामा धूळ पुसणाऱ्या हातांनी झिजून फक्त खोबणींत शिल्लक राहिला आहे. नाकपुडीचा काळा ठिपका घाईत थोडा वर सरकला आहे आणि त्यामुळे त्या कुत्र्याला कसली तरी तक्रार असल्यासारखा चेहरा मिळाला आहे. चेल्सीच्या निर्दोष मेंढपाळणीत असा जिवंतपणा मला सापडत नाही.

विषयांची निवड तर वर्तमानपत्रासारखी आहे. राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट, क्रिमियाच्या युद्धातील सेनापती, नट, धर्मोपदेशक, एवढेच काय, १८४८ मध्ये जेथे खून पडले ते स्टॅनफील्ड हॉल आणि ज्याला त्याबद्दल फाशी झाली तो जेम्स रश, हे सर्व मातीत उतरले. चेहऱ्याच्या साम्याची कोणी फारशी फिकीर करत नसे. बेंजामिन फ्रँकलिनच्या पुतळीखाली बिनदिक्कत 'वॉशिंग्टन' लिहिलेले नमुने प्रसिद्ध आहेत. लेडी शार्लट श्रायबर यांनी युरोपभर फिरून जमवलेला इंग्रजी पोर्सेलिनचा अप्रतिम संग्रह १८८४ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला दिला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एखाद्या देशाचा इतिहास त्याच्या घरगुती मातीच्या वस्तूंवरून बऱ्याच अंशी वाचता येतो, असे मानणारा ब्रायटनचा हेन्री विलेट मला अधिक जवळचा वाटतो. त्याचा संग्रह ब्रायटनच्या संग्रहालयात आहे आणि तो कलेच्या घराण्यांप्रमाणे नव्हे, तर विषयांप्रमाणे रचलेला आहे.

याच कारणासाठी भारतीय माणसाने, आणि विशेषतः मराठी माणसाने, या पुतळ्या पाहाव्यात असे मला वाटते. बक्सरची लढाई जिंकणाऱ्या हेक्टर मन्रोच्या मुलाला १७९२ मध्ये बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारले. त्या घटनेचे भांडवल करून पुढे तीसेक वर्षांनी स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी एक मोठा देखावा घडवला: लाल कोटातील साहेब आडवा पडलेला, त्याचे डोके वाघाच्या जबड्यात, आणि खाली मन्रोच्या नावाचे चुकीचे स्पेलिंग. दरम्यान गोऱ्या माणसाला फाडणारा टिपू सुलतानाचा लाकडी वाघही लंडनमध्ये लोकांना पाहायला खुला झालेला होता, तेव्हा गिऱ्हाईक तयारच होते. १८५७ च्या उठावानंतर या पुतळ्यांत इंग्रज सेनापती हेन्री हॅवलॉक आला, ज्याने त्या वर्षीच्या जुलैमध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा सेनापती कॉलिन कॅम्पबेल तर क्रिमियापासूनच लोकप्रिय होता. त्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात कानपूरलाच तात्या टोप्यांना मागे रेटले. लखनौच्या वेढ्यात सुटकेला येणाऱ्या स्कॉटिश पलटणीच्या बॅगपाइपचे सूर सर्वांआधी ऐकू आलेली 'हायलँड जेसी' हीसुद्धा पुतळी झाली, आणि ती कथाच बनावट असल्याचे पुढे मानले गेले, तरी पुतळी उरलीच. नानासाहेब, तात्या किंवा राणी लक्ष्मीबाई यांचे फ्लॅटबॅक मात्र माझ्या पाहण्यात नाहीत.

माझ्या कपाटात हॅवलॉक आहे, निळ्या कोटातला आणि गालांवर लाली असलेला. घरी आलेले काही स्नेही विचारतात की हा माणूस आपल्या घरात कशाला. प्रश्न रास्त आहे. पण लंडनच्या ट्राफल्गार चौकातला त्याचा ब्राँझचा पुतळा सत्ताधाऱ्यांनी काय मिरवले ते सांगतो, आणि ही पुतळी गिरणीत किंवा खाणीत राबणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून काय विकत घेतले ते सांगते. साम्राज्य फक्त पार्लमेंटात चालत नव्हते, ते दोन खोल्यांच्या घरातल्या शेकोटीवरही उभे होते, याचा इतका हाताळता येण्याजोगा पुरावा मला दुसरा माहीत नाही. हॅवलॉकला घरात ठेवणे म्हणजे त्याचा गौरव करणे, हा हिशेब मला पटत नाही.

आता घेण्याच्या बाबतीत थोडे व्यवहाराचे. नकली माल उदंड आहे, त्यातही कुत्र्यांच्या जोड्या सर्वांत अधिक. जुनी दाबून केलेली पुतळी तिच्या आकाराच्या मानाने जड लागते आणि भट्टीत तिच्या आतली हवा बाहेर जाण्यासाठी तिला लहानसे भोक असते. तळाला बोट जाईल एवढे भोक दिसले आणि आतली पोकळी बाहेरच्या आकाराचे हुबेहूब अनुकरण करत असेल, तर ती पातळ माती साच्यात ओतून केलेली नंतरची प्रत समजावी. झिलईवर सगळीकडे एकसारख्या, चहात बुडवल्यासारख्या तपकिरी भेगा असतील तर त्या मुद्दाम पाडलेल्या असण्याचा संभव दाट. आरशासारखे लखलखणारे सोनेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आधीचे नव्हे. दुरुस्तीबाबत माझा नियम सरळ आहे. तुटलेला कान, पडलेला टवका, किंवा जुन्या काळी धातूच्या टाचण्या ठोकून सांधलेले अंग मी आनंदाने घेते, पण रंग फवारून लपवलेली दुरुस्ती घेत नाही. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी जवळ ठेवली तर असा रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकून स्वतःच पकडला जातो.

बर्स्लेमच्या विल्यम केंट कारखान्याने जुन्या धर्तीच्या पुतळ्या १९६२ पर्यंत काढल्या. पुष्कळ संग्राहक त्यांना नकलांच्या रांगेत बसवतात. मला ते अन्यायाचे वाटते, कारण तेच गाव, तीच परंपरा आणि लपवाछपवी काही नाही. विक्रेत्याने तिला व्हिक्टोरियाच्या काळातली म्हणून माथी मारली नाही आणि भाव त्या मानाने लावला, तर केंटची पुतळी अवश्य घ्यावी.