पहिल्या रिळातला चेहरा

दाढ दुखत असताना माणसाने दुसऱ्याच्या मताचा विचार करू नये, हे मला कळते. तरीही परवा दंतवैद्याकडे ताटकळत बसलो असताना शेजारच्या बाईंनी मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तिचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळला आणि नातीला आपल्या पलीकडे बसवले, ते मी अजून विसरलेलो नाही. माझा उजवा गाल सुजला होता, दोन रात्री झोप नव्हती आणि दाढीही वाढली होती, एवढे मान्य. पण माझ्या हातात माझ्या दातांची फाइल होती, आणि फाइल घेऊन कोणी दरोडा घालायला येत नाही.

बाई ऐंशीच्या आसपास असाव्यात. पाचेक मिनिटे मला निरखून झाल्यावर त्या म्हणाल्या, “रागावू नका हं, पण तुम्ही अगदी सिनेमातल्या त्या ह्याच्यासारखे दिसता.”

दाढ ठणकत असतानाही मी सुखावलो. “कोणासारखा?” असे विचारताना आवाजात शक्य तितकी बेफिकिरी आणली. नाव अगदी ओठांवर आहे, असे त्या म्हणाल्या. मी मदतीला धावलो आणि, फार वर न जाता, विनोद खन्नापासून सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की मी आपण होऊन अमोल पालेकरांपर्यंत खाली उतरलो. “छे हो, हिरो नव्हे,” त्या म्हणाल्या, “तो नाही का, पोरीला उचलून नेतो, तो!” हिंदी चित्रपटांत पोरी उचलून नेणाऱ्यांची संख्या पाहता ही खूण काही उपयोगाची नव्हती; माझी इयत्ता मात्र तिथल्या तिथे ठरली. (विनोद खन्नांनीही पडद्यावर सुरुवात खलनायक म्हणूनच केली होती, हे मला त्या वेळी सुचले नाही. चांगली उत्तरे दाढ निघाल्यावर सुचतात.)

इथे गप्प बसायला हवे होते. पण अपमान झाला की मला व्याख्यान सुचते. पडद्यावरच्या पहिल्या ओळखीवर माणसाची परीक्षा करू नये, असे मी त्यांना सांगू लागलो आणि निळू फुल्यांचे उदाहरण दिले. पडद्यावर त्यांनी असे पाटील आणि सरपंच रंगवले की बायाबापड्या त्यांना खरोखरीच्या शिव्या घालत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेला, उमेदीच्या काळात माळ्याची नोकरी केलेला, आणि १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये तर पत्रकार दिगू टिपणीस झालेला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “असतील हो सज्जन,” त्या म्हणाल्या, “पण तसे वाटत नाहीत ना.” हे बोलताना त्या माझ्या गालाकडे पाहत होत्या.

मग मी प्राण यांना पुढे केले. इतकी वर्षे खलनायकी केलेल्या माणसाला १९६७च्या ‘उपकार’मध्ये मलंगचाचा मिळाला, आणि कुबडी घेतलेल्या त्या भल्या माणसासाठी अख्खे थिएटर हळहळले, असे मी म्हणालो. “तो मी पाहिलाय,” बाई म्हणाल्या. “शेवटपर्यंत मला वाटत होतं, हा आता कुबडी टाकणार आणि पैसे घेऊन पळणार. पळाला नाही. पण माझा जीव काही सिनेमात लागला नाही.” ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’त अमरीश पुरी शेवटी मुलीचा हात सोडतात की नाही, असे विचारले, तर म्हणाल्या, “सोडला, पण तीन तास लावले.”

आता माझा खरोखर तोल गेला, कारण ललिता पवारांचा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही. ही बाई नायिका होती. १९४२ साली चित्रीकरणात थोबाडीत बसली, त्या दुखण्यात एक डोळा कायमचा अधू झाला, आणि मग पुढची कित्येक दशके त्या अधू डोळ्याची शिक्षा म्हणून आपण सगळ्यांनी मिळून तिला खाष्ट सासू करून टाकले. अपघात तिला झाला आणि धाक आपल्याला वाटला! १९५९च्या ‘अनाडी’त तिने वरून कडक आणि आतून मायाळू अशी घरमालकीण किती जीव लावून उभी केली आहे, हे मी तावातावाने सांगितले. बाई म्हणाल्या, “त्यात तिला सून नव्हती.”

मला राग यायचा तो याचा, की आपली ही पहिली मते कधी बदलत नाहीत, आणि बदलली तर आपण कबूल करत नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात एकतरी वडीलधारे असे आहेत, ज्यांनी १९६९ साली ‘सात हिंदुस्तानी’ पाहून “हा उंच पोरगा पुढे जाणार” असे भाकीत केले होते. या सगळ्यांनी तेव्हा खरोखर तिकिटे काढली असती, तर तो चित्रपट पडला कशाला असता आणि त्या उंच पोराला ‘जंजीर’साठी १९७३पर्यंत थांबावे कशाला लागले असते?

माझे स्वतःचे भाकीत तर मी कोणाला सांगतच नाही. १९९२ साली ‘दीवाना’ अर्धा उलटल्यावर मोटारसायकलवरून जो केसाळ मुलगा आला, त्याला पाहून “हा परत दूरदर्शनवर जाणार” असे मी चारचौघांत म्हणालो होतो. त्या चौघांपैकी तिघे अजून हयात आहेत आणि तिघांचीही स्मरणशक्ती उत्तम आहे. नवाझुद्दीन सिद्दीकीच्या बाबतीत माझी लाज थोडक्यात वाचली, कारण ‘सरफरोश’मध्ये आणि ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये तो समोरून गेला आणि मी त्याला पाहिलेच नाही. मत बनवायलाही आधी माणूस दिसावा लागतो.

एवढ्यात मला आत बोलावले. अर्ध्या तासाने बाहेर आलो तेव्हा दाढ निघालेली होती, भुलीने अर्धे तोंड लोंबत होते, ओठ एका बाजूला वळला होता आणि तोंडात बोळा होता. मला पाहताच बाई खुर्चीवरून जवळजवळ उठल्याच.

“आठवलं!” त्या म्हणाल्या. “पोरीला उचलून नेतो, तो नव्हे. तो आत जातो आणि एक जण बाहेर दाराशी उभा असतो ना, तो!”

मला यावर बरेच काही म्हणायचे होते. बोळ्यातून फक्त “हूं” निघाले. नातीने डोळे विस्फारले आणि ती आजीच्या कानाशी लागून पुटपुटली, “आवाजपण तसाच आहे.”