साडेतीनपट

वाइन शॉपमध्ये जाऊन वाइन मागितली, एवढाच माझा गुन्हा. शनिवारची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही.

स्टुटगार्टला तीन वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिलो, ते घरमालक आजोबा येत्या गुरुवारी नागपुरात येताहेत. त्यांना ताडोबात वाघ पाहायचाय. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, असं मीच कधीतरी सांगून बसलो होतो. फोनवर म्हणाले, तुमच्याकडची लोकल रेड वाइन पाजशील ना? मी म्हटलं, अर्थात!

त्या 'लोकल'मध्येच सगळी गोम आहे. स्टुटगार्टमध्ये द्राक्षाचे मळे थेट शहरात घुसलेत; रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीवरसुद्धा वेली. मी नवा होतो तेव्हा किल्ल्याचं चित्र असलेली एक महागडी फ्रेंच बाटली आणली. आजोबांनी ती अशी पाहिली, जणू एखादा नागपुरात राहून पंजाबच्या किनू संत्र्यांची पेटी घेऊन आला. दुसऱ्या रविवारी मला जवळच्या एका खेड्यात घेऊन गेले. एका शेतकऱ्याच्या दारावर झाडू टांगलेला. आपल्याकडे दारावर झाडू टांगला तर आईच आधी तो आपल्या पाठीत घालेल. तिकडे झाडूचा अर्थ, या, बसा, घरची वाइन आहे. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने उघडायचं, चाळीसच्या वर खुर्च्या ठेवायच्या नाहीत, असा कायदा. वाइनचं नाव ट्रोलिंगर. रंग कोकम सरबतासारखा फिका, आणि प्यायची पाव लिटरच्या कान असलेल्या ग्लासातून, चहासारखी. बाकावर शेतकरी, त्याची सासू, गावातली पोरं, सगळे मांडीला मांडी लावून. कोण किती पितो, का पितो, कुणाला पडलेलं नव्हतं.

आता नागपूर. दुपारचे चार, पारा ४४, डोक्याला दुपट्टा, समोर लोखंडी जाळी, त्या जाळीत हात जाईल एवढं भोक. वर ठळक अक्षरांत 'वाइन शॉप'.

"रेड वाइन दाखवा. नाशिकची. शिराझ असेल तर."

पोरगा म्हणाला, "पोर्ट?"

"नाही, गोड नको."

"मग बियर घ्या नं भाऊ. थंडगार आहे."

मी हटलो नाही. मग तो स्टुलावर चढला आणि शोकेसमध्ये प्लास्टिकच्या द्राक्षांशेजारी उभी असलेली एक बाटली काढून गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसली. शोकेस पश्चिमेला. लेबलाची उन्हाकडची बाजू पांढरी पडलेली. भाव ९०० रुपये.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय घेऊन राहिले?"

सत्तरीचे काका. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातातल्या पिशवीत वरपर्यंत कैऱ्या.

"वाइन."

"ते दिसून राहिलं. घरी कोण बिमार आहे?"

"कोणीच नाही."

"मग बाळंतीण आहे?"

"नाही हो काका. पाहुणे येणार आहेत."

"पाहुण्याले औषध पाजता?"

रांग हसली. काकांनी माझ्या हातातून बाटली घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची बारीक अक्षरं कोर्टाचं समन्स वाचावं तशी वाचली.

"तेरा टक्के." मग रांगेकडे वळून, "फक्त तेरा!"

काका ट्रेझरीतून रिटायर झालेले, हे त्यांनीच सांगितलं. पोरानं बाटली गुंडाळायला फाडलेला पेपर त्यांनी ओढून घेतला, काउंटरवर पसरला आणि समासात हिशेब मांडला. "७५० एमएलचे १३ टक्के, ९७.५. भाव ९००. म्हणजे एका एमएलले ९ रुपये २३ पैसे. बरोबर?"

बरोबर होतं. रांगेतल्या एकानं मोबाइलवर ताळा करून मान डोलावली.

"आता माझा पव्वा. १८० चे ४२.८ टक्के, ७७ धरा. भाव २००. एमएलले २ रुपये ६० पैसे." दोन रेघा ओढल्या. "साडेतीनपट! भाऊ, तुम्ही साडेतीनपट भाव देऊन राहिले!"

"टॅक्स असन," एकजण म्हणाला. "काच जाड आहे नं, काचेचेच पैसे," दुसरा. माझ्या बाटलीवर अख्खी रांग लेखापरीक्षण करत होती आणि उन्हात उभं असूनही कुणालाच घाई नव्हती.

मी म्हटलं, काका, नशेसाठी नाही घेत, चवीसाठी घेतो. इथेच माझं चुकलं.

"कशी असते चव?"

"थोडी तुरट असते. त्याला टॅनिन म्हणतात, द्राक्षाच्या सालीतून उतरतं..."

"तुरट? ९०० रुपये देऊन तुरट? मग आवळा खा नं!"

यावर उत्तर नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि शनिवारपासून मी दुसरं काही केलेलं नाही.

बरं, दारू वाईट हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या गल्लीत तिनं उठवलेली दोन घरं मी पाहिली आहेत, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात बंदी का आहे तेही मला कळतं. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. तो निर्णय अमलात आलाच नाही. नसेल यायचा तर नसो. पण 'नाशिक व्हॅली' वाइनला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन घेतलं ना आपण? जानेवारी ते मार्च द्राक्षं तोडायची, महिनोन्महिने ती वाइन गार तळघरात जपायची, आणि शेवटी नागपुरात पश्चिमेच्या उन्हात उभी करायची! लाल वाइन १६ ते १८ अंशांवर प्यायची असते. बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, ही काही नखऱ्याची गोष्ट नाही. दुधाची पिशवी कुणी उन्हात टांगली तर तुम्ही त्याला शिव्याच घालाल ना? आणि लोकल तरी कसली? नाशिक इथून सहाशेच्या वर किलोमीटर. स्टुटगार्टहून तेवढ्यात माणूस पॅरिसला पोचतो. आमच्याकडची खरी लोकल म्हणजे मोहाची. ती आजोबांना पाजली तर वाघ ताडोबापर्यंत जायच्या आधीच दिसेल.

पैसे दिले. बाटली पेपरात गुंडाळली, हिशेबाची बाजू बाहेर.

निघताना काकांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही अमक्यांचे चिरंजीव नं? ते येतात आमच्यासोबत सकाळी अंबाझरीले."

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. स्वतःच्या पैशानं, दिवसाढवळ्या, कायदेशीर दुकानातून एक बाटली घेतली होती. तरी तोंडातून निघालं, "बाबांना सांगू नका."

"छे छे. आपल्याले काय करायचं!"

रविवारी बाबा फिरून आले. चहा प्याले, पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. बाटली तेव्हा फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये मेथीखाली होती आणि कामवाल्या ताईंना दिसू नये म्हणून आईनं वरून पंचा टाकला होता.

"नऊशे?" बाबा म्हणाले.

मी गप्प.

"साडेतीनपट, म्हणे."

"कशाच्या साडेतीनपट, ते नाही सांगितलं त्यांनी?"

"ते नाही बोलला. तो बिचारा बाजूच्या डेअरीत दही घ्यायला गेला होता."