जिप्सम बोर्ड लावलं तरी लाकूड विटांना टेकवू नका

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: फायरप्लेसभोवतीच्या भिंतीतल्या लाकडी चौकटीवर आगरोधक जिप्सम बोर्ड ठोकलं की चौकट फायरप्लेसच्या विटांना टेकवली तरी चालते. हे साफ चूक आहे, जिवावर बेतणारं आहे. बोर्ड ज्वाळा काही काळ थोपवतं; रोजची धग मात्र आत झिरपतच राहते. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड आतल्या आत करपतं आणि मग एरवीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेतं. अशी एक भिंत उघडलेली मी पाहिलीय. उभी पट्टी कॉफीसारखी काळपट, नख लावलं की भुगा.

तिथल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे विटांच्या फायरप्लेसपासून चौकटीचं लाकूड समोरून आणि बाजूंनी किमान २ इंच, मागून ४ इंच दूर हवं. ती पोकळी मोकळीच ठेवा, ग्लासवूल कोंबू नका. विटांऐवजी कारखान्यात बनलेली पत्र्याची तयार फायरप्लेस असेल तर तिच्या पुस्तिकेतलं अंतर पाळा.