कृपया पट्टीने मोजू नये

त्रिकोणी स्केल ज्याने कुणी पहिल्यांदा घडवली, त्याला समस्त ड्राफ्ट्समन, म्हणजे आराखडे काढणाऱ्या मंडळींवर कसला तरी जुना सूड उगवायचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साध्या पट्टीला दोनच कडा. एकीवर सेंटिमीटर, दुसरीवर इंच. उलटी धरली तरी नजरेला लगेच खटकतं. त्रिकोणी स्केलला मात्र तीन कडा, दर कडेला दोन बाजू, आणि माझ्या टेबलावरच्या स्केलवर १:२०, १:२५, १:५०, १:७५, १:१०० आणि १:१२५ अशी सहा प्रमाणं दाटीवाटीने राहतात. मला हवी असते १:५०, म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरला प्रत्यक्षातले पन्नास. स्केल उचलावी तर समोर येते १:७५. फिरवावी तर १:१२५. आणखी फिरवावी तर पुन्हा १:७५, कारण एवढ्या वेळात स्केल हातातल्या हातात उलटी झालेली असते. १:५० तेवढी कायम खालच्या अंगाला, कागदावर गाल टेकवून पडलेली.

या १:७५ चं तर मला कोडंच आहे. ड्रॉइंगमधल्या प्रमाणांसाठी आयएसओ ५४५५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९७९ सालचं. ते २, ५ आणि १० यांच्याच कुळातली प्रमाणं वापरा म्हणतं: १:२, १:५, १:१०, १:२०, १:५० आणि पुढे असंच. त्यात १:७५ ला कुणी विचारलेलं नाही. तरी ती स्केलवर आहे, आणि न बोलावता सर्वांत आधी हजर होते.

धोक्याची जोडी म्हणजे १:१०० आणि १:१२५. दोघींच्या खुणांमध्ये घाईच्या डोळ्याला फरक कळत नाही. एकीच्या जागी दुसरी लागली की ५ मीटर म्हणून मापलेली खोली कागदावर ४ मीटरची उतरते. हे तेव्हा लगेच उमगत नाही. पुढे कधीतरी त्या खोलीत पलंग काढायला घ्यावा, तर तो पाय दाराबाहेर काढून झोपतो, तेव्हा शोध सुरू होतो. म्हणून जाणती माणसं हव्या त्या कडेच्या बाजूने स्केलला चिमटा लावून ठेवतात. एक बाजू वर, बाकीच्या पाच गप्प. उपाय नामी आहे, फक्त शेजारच्या टेबलावरचा माणूस "दोन मिनिटं देतो का" म्हणून स्केल नेतो आणि परत करताना चिमटा भलत्याच कडेला लावून देतो. चिमटा आहे म्हणून आपण निर्धास्त.

फूट-इंचवाल्यांची दुःखं ऐकली की मात्र आपण सुखी वाटतो. त्यांच्याकडे पाव इंचाला एक फूट, अष्टमांश इंचाला एक फूट असा हिशोब, आणि ही दोन्ही प्रमाणं एकाच कडेवर. एक डावीकडून वाचायचं, दुसरं उजवीकडून. आकडे दोन्ही टोकांकडून निघतात आणि वाटेत एकमेकांत मिसळतात. पाव इंचाचं प्रमाण म्हणजे १:४८ आणि अष्टमांशाचं १:९६. दहाच्या पाढ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ४८ ने गुणायला लावणं ही शिक्षा कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही.

माझे पहिले साहेब जुन्या वळणाचे, टी-स्क्वेअरवर, म्हणजे ड्रॉइंग बोर्डावरच्या टी आकाराच्या पट्टीवर, हयात घालवलेले. त्यांच्या राज्यात स्केलने रेघ मारणं हा दखलपात्र गुन्हा होता. "स्केल मापायला असते. रेघेला सेट-स्क्वेअर घे." कारण रास्त होतं. पेन्सिल घासून घासून कडेवरच्या खुणा पुसट होतात आणि कडेला दाते पडतात. डिव्हायडरचं टोक स्केलवर टेकवायचं नाही, बारीक खड्डे पडतात. डोळा बरोबर खुणेच्या वर आणायचा, तिरकं पाहिलं की माप सरकतं. आणि एका ओळीतली मापं घेताना स्केल जागची हलवायची नाही, सगळ्या खुणा एका बैठकीत करून घ्यायच्या. हा शेवटचा नियम मला आधी नुसता जाच वाटायचा. मग त्यांनी एकदा हिशोब मांडला. दर वेळी स्केल उचलून पुढे ठेवली की अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. अशी दहा मापं झाली की ५ मिलिमीटर. १:१०० च्या ड्रॉइंगवर ते झाले अर्धा मीटर. "म्हणजे तुझी शेवटची खिडकी," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "शेजाऱ्याच्या हद्दीत उघडणार."

पण खरी साडेसाती त्याआधी, शिकत असतानाच येऊन जाते. तिथे तयार स्केल वापरायची नसते, स्वतः काढायची असते. ज्या वस्तूच्या मदतीने चित्र काढायचं तिचंच चित्र काढा, आणि ते काढायला पुन्हा तीच वस्तू वापरा.

आधी येते प्लेन स्केल. सोपी म्हणतात. पण तिचं शून्य पहिल्या रेघेवर नसतं, ते एक घर सोडून आत बसलेलं असतं. शून्याच्या उजवीकडे मीटर, डावीकडे डेसिमीटर, आणि डावीकडचे आकडे उलट्या दिशेने चालत जातात. हे कशासाठी, तर ४ मीटर ७ डेसिमीटर असं माप डिव्हायडरच्या दोन पायांत एका दमात पकडता यावं म्हणून. होय, तोच डिव्हायडर, जो साहेबांच्या राज्यात स्केलजवळ फिरकूही शकत नव्हता.

मग डायगोनल स्केल. प्रश्न असा: प्रमाण १:४०, मीटर-डेसिमीटर-सेंटिमीटर दाखवा, ६ मीटरपर्यंत मोजता यावं, आणि तिच्यावर ४.७६ मीटर दाखवा. सहा मीटर भागिले ४०, म्हणजे १५ सेंटिमीटरची रेघ. तिचे सहा भाग. प्रत्येक २५ मिलिमीटरचा, तो एक मीटर. पहिल्या भागाचे दहा तुकडे. प्रत्येक अडीच मिलिमीटरचा, तो एक डेसिमीटर. आता या अडीच मिलिमीटरचे आणखी दहा करायचे, म्हणजे पाव मिलिमीटरचा एक. हे काही माणसाच्या हातचं काम नाही. म्हणून युक्ती काढलेली: रेघेच्या वर सारख्या अंतरावर दहा आडव्या रेघा मारायच्या आणि खालच्या एका खुणेपासून वरच्या पुढच्या खुणेपर्यंत तिरकी रेघ न्यायची. समरूप त्रिकोणांच्या कृपेने ती तिरकी रेघ दर आडव्या रेघेवर बरोबर एक दशांश सरकते. ४.७६ हवं असेल तर सहावी आडवी रेघ पकडायची आणि तिच्यावर चौथ्या मीटरच्या उभ्या रेघेपासून सातव्या तिरक्या रेघेपर्यंतचं अंतर घ्यायचं. कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल त्याला मनापासून नमस्कार. इतकी देखणी कल्पना अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरी नसेल.

घोडं पेंड खातं ते पेन्सिलीपाशी. स्केल म्हणते एक सेंटिमीटरला पाव मिलिमीटर, आणि माझ्या पेन्सिलीचं लीडच अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणजे मी मारलेल्या प्रत्येक तिरक्या रेघेच्या पोटात दोन-दोन सेंटिमीटर गडप. वर खोडरबर फिरलेला, त्यामुळे काही ठिकाणी तीनही असतील. सरांनी शीट उजेडाला धरली.

"चार मीटर शहात्तर दाखवलंय?"

"हो सर."

"शहात्तर दिसतंय. पंचाहत्तरही दिसतंय. सत्त्याहत्तरही दिसतंय. तू उत्तर लिहिलंयस की पर्याय?"

त्यापुढची व्हर्नियर स्केल मी थोडक्यात उरकतो, कारण तिने मला उरकलं होतं. पिएर व्हर्नियर या फ्रेंच गृहस्थाने १६३१ मध्ये ती जगापुढे मांडली. मुख्य स्केलचे नऊ भाग मावतील एवढी लांबी घ्यायची, तिचे दहा भाग करायचे, आणि दोन्हींकडच्या कोणत्या रेघा जुळतात ते पाहायचं. पाहिलं. मला एकतर सगळ्याच जुळलेल्या दिसायच्या, नाहीतर एकही नाही.

नोकरीत आल्यावर कळलं की प्रमाण कळणं वेगळं आणि प्रमाणाबद्दल बोलता येणं वेगळं. साहेब म्हणाले, "हे फार बारीक झालंय, जरा स्केल वाढव." मी १:१०० चं १:५० केलं. चित्र दुप्पट झालं, छान दिसायला लागलं. पाहुणे म्हणून आलेल्या मोठ्या साहेबांनी टायटल ब्लॉक, म्हणजे शीटच्या कोपऱ्यातला नाव-प्रमाणाचा चौकोन, वाचला आणि विचारलं, "वाढवायला सांगितलं होतं ना? इथे तर शंभरचे पन्नास केलेत." अपूर्णांकात खालचा आकडा लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो, हे मोठ्या साहेबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? १:५००० चा नकाशा १:५०,००० च्या नकाशापेक्षा मोठ्या स्केलचा असतो, हेही असंच. चारचौघांत सांगितलं की सांगणाराच अडाणी ठरतो.

ग्राहक मंडळींची तऱ्हा निराळी. "अर्ध्या स्केलला काढा, म्हणजे अर्ध्या कागदात बसेल." नाही हो, पाव कागदात बसतं, लांबी अर्धी, रुंदीही अर्धी. आणि परवा एक नवा मुलगा कामाला लागला. त्याला एका इवल्याशा पिनचं ड्रॉइंग २:१ ला करायला दिलं होतं. बराच वेळ कोनमापक घेऊन तो अस्वस्थ बसलेला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "सर, सगळं दुप्पट झालं, पण हा ३० अंशांचा कोन काही ६० होत नाहीये." मी हसलो नाही. कोन कुठल्याच स्केलला जुमानत नाही एवढं त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो माझ्यासाठी नव्हता, कोनासाठी होता.

संगणक आला तेव्हा वाटलं, सुटलो. तिथे सगळं १:१. भिंत ६ मीटरची असेल तर आतही ६ मीटरचीच काढायची. प्रमाणाचा विचार छापताना. त्रिकोणी स्केल ड्रॉवरमध्ये गेली. पण प्रिंटरलाही स्वतःची मतं असतात. त्याच्या खिडकीत "फिट टू पेज" नावाचा एक चौकोन असतो, आणि तो कुणीही टिक न करता टिक झालेला असतो. ड्रॉइंग कडेला कापलं जाऊ नये म्हणून तो मायेने ते जरासं आवळतो. शंभराचे सत्त्याण्णव. डोळ्याला पत्ता लागत नाही. त्याहून बिनधास्त लोक ए-१ ची शीट सरळ ए-३ वर छापतात. लांबी निम्मी होते, १:५० चं १:१०० होतं, आणि टायटल ब्लॉक छातीठोकपणे सांगत राहतो, १:५०. ए-२ वर छापलं तर बघायलाच नको. ते होतं १:७०.७, आणि हे प्रमाण सहा बाजूंपैकी एकीवरही नाही. १:७५ सुद्धा तिथे कामाची नाही.

एवढ्यासाठीच ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: "पट्टीने मोजू नये, लिहिलेली मापं ग्राह्य धरावीत." मी हे वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा जागीच बसलो. पट्टी धरायला शिकवलं, कडा ओळखायला शिकवलं, पाव मिलिमीटरच्या पोटात शिरायला लावलं, आणि शेवटी सही-शिक्क्यानिशी सांगितलं की मोजू नका.

वाक्य मी ठळक अक्षरांत टाकतो. ते वाचत कुणी नाही. कॉन्ट्रॅक्टरचा फोन येतो.

"साहेब, बेडरूम साडेतीन मीटरची धरली, चालेल ना?"

"तीन मीटर साठ आहे. लिहिलंय तिथे."

"लिहिलंय हो. पण मी स्वतः पट्टी लावली. बरोबर ३५ मिलिमीटर भरले. शंभरची स्केल ना? साडेतीन मीटर."

३६ चे सत्त्याण्णव टक्के काढून पाहिले. ३४.९. प्रिंटरने मायेने आवळलेले १० सेंटिमीटर आता माझ्या नावावर. मी त्याला प्रिंटर समजावून सांगितला, टक्के समजावून सांगितले, त्या ठळक वाक्याकडे बोट दाखवायला लावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे साहेब, पण पट्टी खोटं बोलत नाही."

यावर जुना आणि खात्रीचा इलाज आहे. प्रमाण नुसतं आकड्यात लिहायचं नाही, शीटच्या खाली काळ्या-पांढऱ्या घरांची एक छोटी पट्टी काढून ठेवायची: ०, १, २, ५ मीटर. ड्रॉइंग आवळलं तर तीही तेवढीच आवळते, फुगवलं तर फुगते. कुठल्याही कागदावर, कुठल्याही प्रिंटरने छापा, तिच्यावरून माप बरोबरच येतं. नकाशे काढणारे हे केव्हापासून करत आलेत. मीही आता प्रत्येक शीटवर उजव्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकच्या अगदी वर, ती सुबकपणे काढायला लागलो. नवा सेट साइटवर गेला आणि संध्याकाळी फोन वाजला.

"साहेब, बेडरूम तीन साठचीच केली. तुमचं ऐकलं. फक्त एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"ती खाली काळी-पांढरी पट्टी दाखवलीय पाच मीटरची. ती टाइल्समध्ये घ्यायची की नुसता रंग मारू?"